गट रोल नंबरवर नको, एसटीच्या रूटवर पाडा: पहिल्या वर्षाच्या पोरांसाठी ग्रुप मेंटॉरिंग कसं करायचं

मेंटॉरिंग, म्हणजे नवीन पोरांना सिनियर आणि शिक्षकांनी वाट दाखवणं, सुरू केलं त्या पहिल्या वर्षी आम्ही काय केलं ते आधी सांगते, म्हणजे तुम्ही तरी ते करणार नाही. रोल नंबर १ ते ४० एक गट, ४१ ते ८० दुसरा, असे गट पाडले, प्रत्येक गटाला एक सर नाहीतर मॅडम दिले, शनिवारी दुपारी २ ची वेळ ठेवली, फळ्यावर छान अक्षरात 'मार्गदर्शक-विद्यार्थी सभा' लिहिलं आणि फोटो काढला. माझ्या गटात पहिल्या शनिवारी ४० पैकी ३१ आले, दुसऱ्या शनिवारी १५-१६, तिसऱ्याला ७. आणि ते ७ कोण, तर ज्यांचं घर कॉलेजपासून चालत दहा मिनिटांवर आहे ते. बाकीचे गेले कुठे म्हणून बाहेर जाऊन पाहिलं तर सगळे बसस्टँडवर, कारण दीडची गाडी हुकली की त्यांच्या गावाकडे पुढची गाडी थेट साडेपाचला. म्हणजे ज्यांच्यासाठी सभा त्यांनाच येता येऊ नये अशी वेळ आम्ही शोधून काढली होती.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे सीएचबी, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढेच पैसे आणि मेंटॉरिंगचे तर नाहीतच. तरी चार वर्षं हे करते आहे, कारण बीए-बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला जुलैमधे आलेली पोरं दिवाळीनंतर दिसत नाहीत आणि ती का दिसत नाहीत हे कोणालाच माहीत नसतं, हे बघवत नव्हतं. या चार वर्षांत जे जमलं आणि जे फसलं ते लिहिते. शहरातल्या मोठ्या कॉलेजला यातलं सगळं लागू पडेल असं नाही.

एक सांगून ठेवते, प्राचार्यांकडे परवानगी मागायला जाल तेव्हा कामी येईल. हे काही आपल्या डोक्यातून निघालेलं खूळ नाही. यूजीसीच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी नियमांतच आहे की नवीन आलेल्या ६ विद्यार्थ्यांमागे एक सिनियर मेंटॉर असावा आणि अशा ६ मेंटॉरांमागे त्यांच्या वरच्या वर्गातला एक. २०१९ मधे नवीन विद्यार्थ्यांच्या स्वागताचा यूजीसीचा 'दीक्षारंभ' कार्यक्रम आला, त्यातही नवीन पोरांचे छोटे गट करून त्यांना शिक्षक जोडून द्या असंच सांगितलंय. नॅकवाले, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारे, मेंटॉर-विद्यार्थी प्रमाण विचारतात त्यामुळे फाईल तर प्रत्येक कॉलेजात आहेच, आपल्याला फक्त फाईलीतलं मेंटॉरिंग बसस्टँडजवळच्या झाडाखाली आणायचंय.

गट पाडताना

ॲडमिशन आटोपल्या की ऑफिसमधून यादी मागा. टक्के बघू नका, कोणत्या जातीतला, कोणत्या शाखेचा तेही बघू नका, फक्त गावाचा रकाना बघा. मग डेपोत जाऊन टाइमटेबलच्या बोर्डाचा फोटो काढा आणि कंट्रोलरला विचारून घ्या की यातल्या खरंच कोणत्या गाड्या येतात, कारण बोर्डावरच्या सगळ्या येतातच असं नाही. आता यादी घेऊन बसा आणि एका रूटवरची सगळी गावं एका गटात टाका. फाट्यावर उतरून पुढे दोन-तीन किलोमीटर पायी जाणारी पोरं त्याच रूटमधे. एका गटात १० ते १२ पोरं, त्यांच्यावर दोन सिनियर, शक्यतो एक मुलगा एक मुलगी, तेही त्याच रूटचे. शिक्षक एक, तो कोणत्याही रूटचा चालतो.

याचा फायदा असा की ही पोरं सकाळी एकाच गाडीनं येतात, दुपारी एकाच बाकावर तासभर गाडीची वाट बघतात. तो तासच आपली सभा. वेगळी वेळ काढायची नाही, खोली मागायची नाही. कोणी दोन दिवस दिसलं नाही तर तिसऱ्या दिवशी गाडीतच कळतं. मुलगी उशिरा घरी पोचणार असेल तर तिच्या घरी निरोप द्यायला त्याच गावचं कोणीतरी असतं, आणि आईबापालाही वाटत नाही की पोरगी कोणत्या अनोळखी पोरांच्या ग्रुपमधे बसते, कारण ती पोरं त्यांनी पोळ्याला बैल धरून उभी असलेली पाहिलेली असतात.

आमच्या एका सरांनी हरकत घेतली होती की बीएवाला आणि बीएस्सीवाला एका गटात बसून करणार काय. तर विषयातली शंका विषयाच्या सरांनाच विचारायची, इथे बाकीचं सगळं. परीक्षा फॉर्म, पास, शिष्यवृत्ती, लायब्ररीचं कार्ड, 'मॅडम, मेजर म्हणजे काय' हे सगळ्या शाखांना सारखंच अडतं.

पण एका गोष्टीला जपा. गावं एकत्र आली की गावातली भांडणंही गाडीत बसून येतात. आमच्या एका गटात दोन पोरं एकमेकांकडे पाठ करून बसायची, महिना गेला तरी कळेना, मग सिनियरनं हळूच सांगितलं, "मॅडम, त्यायच्या घरचं धुऱ्यावरून वाजून राह्यलं, केस चालू हाये." धुरा म्हणजे शेताचा बांध. एकाला शेजारच्या रूटच्या गटात टाकलं, दोघंही खुलले. म्हणून यादी फायनल करायच्या आधी सिनियर पोरांना दाखवा आणि विचारा की यात कोणाला कोणाजवळ बसवू नये. कारण विचारू नका, त्यांना नसेल सांगायचं.

हॉस्टेलवाल्यांचा गट वेगळा, त्यांची भेट संध्याकाळी. आणि तालुक्याच्या गावातच राहणारी पोरं? त्यांचा वेगळा गट करायचा मोह होतो, करू नका. प्रत्येक रूटच्या गटात एक-दोन स्थानिक टाका. तहसीलमधलं दाखल्यांचं सेतू केंद्र कुठे, झेरॉक्स स्वस्त कुठे हे त्यांनाच माहीत असतं, आणि शेवटची गाडी हुकली तर मुलींना बसायला त्यांचंच घर कामी येतं.

सिनियर कोण घ्यायचे

टॉपर घेऊ नका. घ्यायचाच असेल तर एखादा. टॉपरला कधी काही अडलेलंच नसतं, त्याला 'अभ्यास करा' याच्यापलीकडे सांगता येत नाही. माझ्याकडचा सगळ्यात भारी मेंटॉर म्हणजे बीकॉमचा एक पोरगा ज्याला दुसऱ्या सेमिस्टरला तीन विषयांत एटीकेटी लागली होती, त्यातला एक विषय त्यानं रीव्हॅल्युएशनमधे सोडवला, दोन पुढच्या परीक्षेत काढले. त्याला उत्तरपत्रिकेची झेरॉक्स कशी मागवायची, तारीख गेली तर कोणाला भेटायचं, घरी कोणत्या दिवशी सांगायचं की नापास झालो, हे सगळं तोंडपाठ. निकालाच्या दिवशी पोरं त्याच्याकडे धावत येतात. माझ्याकडे नाही येत.

निवडलेल्या सिनियरांना अर्धा दिवस बसवा. भाषण नको. दोघांना बाकावर बसवायचं, एकानं नवीन पोरगी व्हायचं जी काहीच बोलत नाही आणि दुसऱ्यानं तिला बोलतं करायचं. पहिल्यांदा सगळे उपदेश करतात. तेव्हा मी त्यांना गाडगेबाबांची आठवण देते, आपल्या विद्यापीठाला नाव त्यांचंच आहे, ते कीर्तनात लोकांना सरळ सांगण्यापेक्षा प्रश्न विचारून विचारून लोकांच्याच तोंडून उत्तर काढायचे आणि तेही आपल्या वऱ्हाडीत. तर प्रश्न विचारा, आणि असा विचारा ज्याचं उत्तर त्या पोराला नक्की येतं.

आणि तीन गोष्टींचं वचन घ्या, वहीत सही घेऊन. कोणाचा ओटीपी किंवा पासवर्ड स्वतःकडे ठेवायचा नाही, फॉर्म त्या पोराच्याच हातानं भरून घ्यायचा. कोणाकडून एक रुपया घ्यायचा नाही, चहाचेसुद्धा नाही. मुलींचे नंबर कोणाला द्यायचे नाहीत आणि रात्री ८ नंतर मुलींना फोन-मेसेज नाही. तिसऱ्या वचनावर एक सिनियर मी सेमिस्टरच्या मधातच काढला आहे आणि सगळ्यांना कळेल असा काढला.

पहिली भेट

बसस्टँडजवळ झाड बघा, आमचं कडुनिंबाचं आहे. २५ मिनिटं बस्स. नाव सांगा, गाव सांगा, मोठेपणी काय होणार सांगा, हे करू नका. मी केलं होतं. बारा पोरं, सगळे 'एमपीएससी' म्हणाले, कारण पहिल्यानं एमपीएससी म्हटलं होतं. मग शांतता. मग मी असंच विचारलं, आज कोणत्या गाडीनं आले? आणि मग जे सुरू झालं ते थांबेचना. सातची गाडी थांबली नाही, कंडक्टर फाट्यावर हात दाखवला तरी पुढे नेतो, दोघं दुधाच्या गाडीवर बसून आले, एकाला चुलत्यानं मोटरसायकलवर सोडलं आणि पेट्रोलचे पैसे मागितले. कोपऱ्यात एक मुलगी, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली. तिला विचारलं, तू किती वाजता उठतेस गं?

"साडेचारले."

"एवढ्या लवकर काहून?"

"माय वावरात जाते ना मॅडम. सयपाक मीच करतो. मंग सहाच्या गाडीनं येतो."

त्या एका उत्तरात मला कळलं की ही पहिल्या तासाला का पेंगते आणि हिला 'पहाटे उठून अभ्यास कर' हे कोणीही सांगायचं नाही. तिच्यासाठी आम्ही लायब्ररीत १२ ते दीडची जागा धरली, तेवढंच.

पहिल्या भेटीत कामाची एकच गोष्ट करायची, एसटीचा पास. कॉलेजचं बोनाफाईड लागतं, ते त्याच दिवशी सगळ्यांचं एकगठ्ठा काढा. विद्यार्थ्यांच्या मासिक पासला ६६.६७ टक्के सवलत आहे. मुली म्हणतात आम्हाला तसंही अर्धं तिकीट आहे, ते खरंय, मार्च २०२३ पासून बायांना ५० टक्के आहे, पण रोज यायचं असेल तर पासच परवडतो, त्यांच्यासमोर कागदावर हिशोब करून दाखवा. आणि हे पण स्पष्ट सांगा की शाळेत असताना मिळायचा तो मुलींचा फुकट पास बारावीपर्यंतच होता. दरवर्षी दोन-तीन मुली तो समजून येतात आणि पहिल्याच आठवड्यात कंडक्टरसमोर खाली मान घालतात.

मेजर-मायनर समजावताना

महाराष्ट्रात संलग्न कॉलेजांमधे नवीन शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून लागू झालं आणि तेव्हापासून ॲडमिशनच्या फॉर्मवर मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी (हे दोन्ही कौशल्याचे कोर्स) असं इतकं काही येतं की पोरं झेरॉक्सवाला सांगेल त्यावर टिक करून मोकळी होतात. क्रेडिटचा हिशोब साधा आहे, थिअरीचे १५ तास म्हणजे १ क्रेडिट, प्रॅक्टिकलचे ३० तास म्हणजे १ क्रेडिट, आणि सेमिस्टरला साधारण २० ते २२. पण आमच्या एका सिनियर पोरीनं जे सांगितलं ते माझ्या सगळ्या तक्त्यांपेक्षा सरस. ती म्हणाली (पऱ्हाटी म्हणजे आमच्याकडे कापूस), "मेजर म्हणजे पऱ्हाटी. वावर तिच्याच नावानं. मायनर म्हणजे मधातलं तुरीचं तास. पऱ्हाटीनं दगा देल्ला तं तूर हाताशी राह्यते. अन् ओपन इलेक्टिव्ह म्हणजे धुऱ्यावर लावलेली भेंडी, घरच्या भाजीपुरती." एकजण म्हणाला मंग तण कोणतं, तर ती म्हणाली मोबाईल. हसले सगळे, पण त्यानंतर कोणी मायनर म्हणजे काय विचारलं नाही.

एक गैरसमज मात्र मुद्दाम काढा. एका वर्षानंतर सोडलं तरी सर्टिफिकेट मिळते असं घरी कोणीतरी सांगतं, आणि मग लग्नाची घाई असलेल्या घरात ते लगेच पटतं. मिळतं, पण वर्षाचे क्रेडिट पूर्ण करून वर ४ क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स करावा लागतो, नुसतं घरी बसून नाही. उलट बाजूनं हेही सांगा की अडचणीनं सोडावंच लागलं तर मिळवलेले क्रेडिट एबीसीमधे, म्हणजे क्रेडिटच्या ऑनलाइन बँकेत, जास्तीत जास्त ७ वर्षं राहतात, परत येता येतं. म्हणून त्यासाठी लागणारा १२ अंकी अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक, पहिल्या महिन्यातच डिजिलॉकरमधून काढून घ्या. इथे हमखास अडतं नावावर, आधारवर एक स्पेलिंग, बारावीच्या मार्कशीटवर दुसरं. ते दुरुस्त व्हायला वेळ लागतो म्हणून जुलैमधेच बघा, परीक्षा फॉर्मच्या आदल्या दिवशी नाही.

शिष्यवृत्ती, इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

माझी चूक सांगते. दुसऱ्या वर्षी मी प्रत्येक भेटीत विचारायची, महाडीबीटीचा, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलचा, फॉर्म भरला का? सगळे म्हणायचे हो मॅडम. एक मुलगी, शांत, नियमित, तीही हो म्हणायची. फेब्रुवारीत ती यायची थांबली. गाडीतल्या पोरींनी सांगितलं की फीचे पैसे आले नाहीत म्हणून घरी बसली, आईनं बचत गटातून काढून पहिला हप्ता भरला होता, दुसरा कुठून भरायचा. तिला बोलावलं, लॉगिन करायला लावलं. अर्ज ऑक्टोबरमधेच परत पाठवलेला होता, कारण उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षाचा जोडला होता. मेसेज आला होता, पण बापाच्या साध्या बटणाच्या फोनवर, ज्यात न वाचलेले मेसेज एवढे होते की नवीन यायलाच जागा नव्हती. दाखला नवीन काढला, अर्ज परत पाठवला, मंजूर झाला, आम्ही खुश. पैसे तरी येईनात. मग कळलं की गावात कोणीतरी कॅम्प लावून घरातल्या सगळ्यांची दुसऱ्या बँकेत खाती उघडून दिली होती आणि आधार तिकडे जोडलं गेलं होतं. डीबीटीचे पैसे, म्हणजे सरकार थेट खात्यात टाकतं ते, फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जात नाहीत, ते शेवटी ज्या खात्याला आधार मॅप झालं त्या खात्यात जातात. पैसे तिथे येऊन पडले होते आणि त्याचं पासबुक घरात कोणाला सापडत नव्हतं.

तेव्हापासून 'भरला का' हा प्रश्न आमच्याकडे बंद. 'स्टेटस दाखव' एवढंच. प्रत्येकानं स्वतःच्या नाहीतर सिनियरच्या फोनवर स्वतः लॉगिन करून स्क्रीन दाखवायची, महिन्यातून एकदा, आणि सिनियरनं वहीत तारीख टाकायची.

बाकी क्रम असा ठेवा. उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा हवा, तहसीलला गर्दी व्हायच्या आधी काढा. जातीचा दाखला, लागत असेल तर नॉन-क्रिमीलेअर, रहिवासी. मग माय-आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस बघा, तिथे कोणत्या बँकेला आधार जोडलंय ते दिसतं, ते खातं चालू आहे की बंद ते बँकेत जाऊन विचारा. हे सगळं बघायला ओटीपी लागतो आणि आधारला जोडलेला नंबर मामाचा, नाहीतर बंद पडलेला असतो, तो बदलायला आधार सेंटरला जा. तिथे आणखी एक गोष्ट, १५ वर्षं वयानंतर बायोमेट्रिक अपडेट करायचं असतं ते बऱ्याच पोरांनी केलेलंच नसतं. आणि हे काम ऑक्टोबर-नोव्हेंबरवर ढकलू नका. मी एका पोरीसोबत उभी होते, मशीन अंगठाच घेईना, चारदा पुसला, पाणी लावलं, नाही. तिनं हात पुढे केला तर कापसाच्या बोंडाच्या टोकांनी बोटांची सालटं निघालेली, आठ दिवस वेचणीला जात होती. दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी परत गेलो तेव्हा कुठे झालं.

ज्यांना जातीची शिष्यवृत्ती नाही त्यांनी गप्प बसू नये, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. बाहेर खोली करून राहणाऱ्या एससी पोरांनी स्वाधार आणि एसटी पोरांनी स्वयंम योजना बघायची, यांच्या अटी दोघांच्या वेगळ्या आहेत, त्या समाजकल्याण आणि आदिवासी प्रकल्प कार्यालयातूनच विचारून घ्या, यूट्यूबवरून नको. आणि दरवर्षी नव्यानं रिन्युअल करावं लागतं, आपोआप होत नाही, हे तर फळ्यावर लिहून ठेवा.

वर्षाचं गणित शेताच्या हिशोबानं

विद्यापीठाचं कॅलेंडर एक आणि वावराचं दुसरं. पोळा आणि पोळ्याची कर, दोन दिवस कॉलेज रिकामं, तेव्हा काही ठेवू नका. दसऱ्याच्या आसपास सोयाबीन सोंगायला, म्हणजे कापायला, येतं, त्याच्यामागे कापूस, आणि नेमकी तेव्हाच हिवाळी परीक्षेच्या फॉर्मची तारीख, इंटर्नल, प्रॅक्टिकलच्या वह्या सगळं एकदम येतं. पोरं दोन-तीन आठवडे गायब होतात. आळशी म्हणून नाही. मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही.

त्यामुळे आम्ही सप्टेंबरच्या शेवटच्या भेटीत सरळ विचारतो, कोण कधीपासून कधीपर्यंत वावरात राहणार? लाजायचं काही नाही, तारखा सांगा. मग त्या तारखांत त्याच्या वाटचं काम जोडीदारानं बघायचं: फॉर्म सुटला की फोन करायचा, नोट्सचे फोटो पाठवायचे, इंटर्नलची तारीख सरांना सांगून ठेवायची. मी त्या विषयाच्या सरांकडे एक चिठ्ठी नेते ज्यावर नावं आणि तारखा असतात. दहातले सात सर ऐकतात. तिघं म्हणतात शिस्त राहत नाही, त्यांच्या विषयासाठी पोरगं एक दिवस वावर सोडून येतं, तसंच ठरवतो.

कोणी न सांगता सलग तीन दिवस दिसलं नाही तर त्याच गावच्या पोरानं त्याच संध्याकाळी घरी चक्कर मारायची. फोन नाही, चक्कर. आणि आठवडा झाला तर सिनियर आणि मी. बापाशी बोलायचं कसं? मी आधी पीक विचारते. "भाऊ, यंदा उतारा कसा हाये?" मग चहा होतो. मग तो स्वतःच काढतो विषय, "पोराले पाठवतो मॅडम, हे येवढं सोंगून होऊ द्या." तेव्हा तारीख धरायची, पक्की. आपण आधीच हजेरीचे नियम काढले की ते म्हणतात बरं आहे मॅडम, आणि पोरगं येत नाही.

फोनचं

व्हॉट्सॲप ग्रुप करताना मुलींचा वेगळा ग्रुप करा, ॲडमिन मुलगीच. बऱ्याच घरी स्मार्टफोन एकच असतो, भावाकडे नाहीतर बापाकडे. त्यामुळे ग्रुपवर टाकलं म्हणजे पोचलं असं समजू नका आणि त्यावर असं काही लिहू नका जे घरच्यांनी वाचलं तर पोरीला त्रास होईल. फॉर्मच्या तारखा तेवढ्या. सकाळी फुलं आणि रात्री चंद्र पाठवणारा एक सर प्रत्येक कॉलेजात असतोच, त्याला ग्रुपमधे घेऊ नका, तारखा फुलांखाली गाडल्या जातात.

जे आपल्या आवाक्यातलं नाही

आपल्या भागात घरातला माणूस गेलेली पोरं प्रत्येक वर्गात आहेत, हे वेगळं सांगायला नको. एखादं पोरगं अचानक गप्प झालं, जेवणाचा डबा आणेना, 'काही अर्थ नाही' असं दोनदा बोललं, तर सिनियरनं त्याला समुपदेशन द्यायला बसायचं नाही. त्याच्याजवळ बसायचं, त्याला एकटं गाडीत जाऊ द्यायचं नाही आणि लगेच शिक्षकाला सांगायचं. टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, नंबर १४४१६, फुकट आहे, २४ तास, मराठीत बोलतात. तो आपल्या फोनवरून, आपल्यासमोर लावून द्या, नुसता लिहून देऊ नका. गुपित ठेवायचं वचन सिनियरांनी कधीच द्यायचं नाही, 'तुला विचारून मॅडमला सांगतो' एवढंच.

रॅगिंग झालं तर १८००-१८०-५५२२. मुलीला कोणी त्रास देत असेल, मग तो विद्यार्थी असो की शिक्षक, तर कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडे लेखी, आणि तक्रारीची पोच घ्यायची. आणि १८ वर्षांच्या आतल्या पोरीचं लग्न ठरवलं तर चाइल्ड हेल्पलाइन, १०९८. हे तीन-चार नंबर सिनियरांच्या वहीच्या पुठ्ठ्यावर आतून चिकटवलेले असतात.

वही आणि पुढचं वर्ष

रेकॉर्ड म्हणून एक साधी २०० पानी वही पुरते. प्रत्येक पोराला दोन पानं: गाव, गाडी, घरी फोन कोणाचा, कोणते कागद झाले, स्टेटस बघितल्याच्या तारखा. घरचं दुखणं-खुपणं वहीत लिहायचं नाही, वही दहा हातांत फिरते. नॅकच्या फाईलसाठी ऑफिसवाले मागतात तेव्हा मी हजेरीचा वेगळा कागद करून देते आणि झाडाखालचा एक फोटो. एका साहेबांनी विचारलं होतं की फोटोत बॅनर का नाही. कडुनिंबाला कुठे लावू?

दुसऱ्या सेमिस्टरच्या शेवटी, उन्हाळी परीक्षेच्या आधी, त्याच गटातून पुढचे दोन सिनियर निवडा, आधीच्या सिनियरांनाच निवडू द्या. मी सुचवलेली नावं त्यांनी दोनदा खोडली आणि दोन्ही वेळा त्यांचंच बरोबर निघालं. यंदा एका रूटची वही त्या साडेचारला उठणाऱ्या पोरीकडे गेली आहे. तिनं पहिलं काम काय केलं तर पहिल्या पानावरच्या गाड्यांच्या वेळा, ज्या आधीच्या पोरानं पेनानं लिहिल्या होत्या, त्यावर कागद चिकटवला आणि पेन्सिलनं नव्यानं लिहिल्या. म्हणे, "दर दोन महिन्यानं बदलवतात मॅडम, पेनानं काहून लिहाचं?"